मी न मारलेली हाक

भुतंखेतं, संकेत, काळजातलं काळजाला कळणं... यातल्या कशाशीच माझं कधी जमलं नाही. ठाण्यातलं आमचं घर धम्म मानणारं, त्यात बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी 'असं झालं म्हणे' असं सुरू केलं की बाबा शांतपणे तीन प्रश्न विचारायचे – कुणी पाहिलं? किती वाजता? तेव्हा तू कुठे होतीस? तिसऱ्या प्रश्नापर्यंत गोष्ट सहसा टिकायची नाही. मी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि हेच प्रश्न मशिनांना विचारून पोट भरते. या फोरमवर तीन वर्षं आहे, पण नुसती वाचक, तीही खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. रागवू नका. आता माझीच पाळी आली आहे.

आम्ही न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला राहतो. मी, नवरा विनय आणि दोन मुलं. विनय हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. सुमेधा, म्हणजे आमची सुमी, तेव्हा सोळा वर्षांची होती, आदी चौदाचा. आधी आम्ही क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात होतो. माझा जॉब बदलला म्हणून इकडे आलो आणि सुमीने ते मला माफ केलं नाही. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिकडे राहिल्या. इथे आल्यापासून ती माझ्याशी एका शब्दात बोलायची. 'फाइन.' 'व्हॉटेव्हर.' जेवायला हाक मारली तर तिसऱ्या-चौथ्या हाकेला यायची, तेही कानातले इअरबड्स न काढता. हे लक्षात ठेवा – माझ्या एका हाकेत सुमी कधीच येत नसे.

गाडी आली ती माझ्या एका रिटायर होणाऱ्या सहकाऱ्यामुळे. त्याच्या शेतावरच्या शेडमध्ये साठच्या दशकातली एक छोटी ब्रिटिश गाडी धूळ खात पडली होती. गोलमटोल, फिक्या पिस्ता रंगाची, सीटमध्ये उंदरांनी घरं केलेली. "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल," म्हणाला. मी घरी फोटो दाखवला तेव्हा सुमीने इअरबड काढला आणि विचारलं, "इंजिन फिरतंय का?"

चार महिन्यांतलं तिचं हे पहिलं अख्खं मराठी वाक्य. मी दुसऱ्या दिवशी ट्रेलर घेऊन गेले.

त्यानंतर प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही तिघं गराजमध्ये. विनयला ग्रीसचा वास सहन होत नाही, तो चहा आणि टोस्ट पुरवायचा. आदीला सगळं उघडायची घाई, सुमीला सगळं लेबल लावून डब्यांत ठेवायची शिस्त. बोल्ट सैल करता करता ती शाळेतलं बोलायची, मीही तिच्याकडे न बघता, कामाकडे बघत ऐकायचे. अशा वेळी मुलं जास्त बोलतात, हे तेव्हा कळलं.

गराजमध्ये नियम एकच – मी घरात नसताना गाडीखाली कुणी जायचं नाही. गाडी चार स्टँडवर उचलून ठेवलेली होती. जिथे-जिथे स्टँड लावले ती जागा मी स्वतः हातोडीने ठोकून तपासली होती. स्वतः. हेही लक्षात ठेवा.

ऑगस्टमधला शनिवार. इथला नेहमीचा वारा सकाळपासून पत्रे वाजवत होता. विनयची ड्यूटी होती. नाश्त्याच्या वेळी माझं आणि सुमीचं वाजलं. शाळा संपली की मी क्राइस्टचर्चला परत जाणार, म्हणाली. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. त्यावर ती म्हणाली, "आई, हे तुझं गाव आहे. माझं नाही."

मी माझ्या रोजच्या गाडीची किल्ली उचलली आणि फील्डिंग नावाच्या शेजारच्या गावाला निघाले. तिथल्या एका गृहस्थाकडे याच मॉडेलची मोडकी गाडी होती आणि आम्हाला काच खाली-वर करायचं हँडल हवं होतं. घरापासून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता.

पुढचं मुलांनी सांगितलेलं. दोघांना मी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं, त्यामुळे जुळवून सांगितलेलं नाही.

मी गेल्यावर सुमीला वाईट वाटलं. जुना सायलेन्सरचा पाइप आम्हाला दोन आठवडे छळत होता, बोल्ट गंजून बसले होते. मी परत यायच्या आत तो काढून दाखवायचा, असं तिने ठरवलं. सॉरी म्हणायची ही तिची पद्धत. ती चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकली. आदीही शेजारी जमिनीवर आडवा होऊन, खांद्यापर्यंत आत, टॉर्च धरून होता. शेवटचा बोल्ट हलेना म्हणून सुमी दोन्ही हातांनी पाना ओढत होती.

आणि मी हाक मारली.

सुमी म्हणते, आवाज किचनच्या दारातून आला. गराजमधून घरात यायचं जे दार आहे, तिथून. "सुमी, बाहेर ये. आत्ता." मराठीत. माझाच आवाज, शंकाच नाही.

आदी म्हणतो, मी म्हणाले, "किड्स, लंच!" इंग्लिशमध्ये. त्याला भूक लागली होती, म्हणून तो उठला.

एकच क्षण, एकच दिशा, एकच आवाज... आणि दोघांनी ऐकलेले शब्द वेगळे. यावरून दोघांत अजून भांडण होतं. "शी सेड लंच!" "नाही रे, मला माझ्या नावाने बोलावलं!"

दोघं बाहेर आले, फळी गाडीखालीच राहिली. सुमी पहिल्या हाकेला आली. हात पुसत किचनमध्ये गेले तर मी नाही. आदीने हॉलमध्ये, वर बेडरूममध्ये बघितलं. पुढचं दार आतून लॉक. ड्राइव्हवेत माझी गाडी नाही. सुमी म्हणाली, "मस्करी करतेय," आणि तेवढ्यात गराजमधून आवाज आला. धाडकन नाही, आदीच्या भाषेत, आधी 'क्रंच' आणि मग जमीन हलल्यासारखं.

मला फोन आला तेव्हा मी हँडल घेऊन गाडीत बसले होते आणि सॉसेज रोल खात होते. आदी होता.

"मम, व्हेअर आर यू?"

"फील्डिंगला. का रे?"

"नो. व्हेअर आर यू रिअली?"

मी म्हटलं, अरे खरंच फील्डिंगला आहे, झालं काय? मग फोन सुमीने घेतला. तिचा आवाज इतका लहान मी तिच्या पाचव्या वर्षानंतर ऐकला नव्हता. "आई, तू घरी ये ना," एवढंच म्हणाली.

घरी पोचले तर गाडी पुढच्या डाव्या बाजूने जमिनीवर टेकलेली. स्टँड जागच्या जागी उभा, तो मोडला नव्हता. तो गाडीच्या पत्र्यातून आरपार वर घुसला होता. कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी तिथल्या गंजावर भोकं बुजवायचं फिलर आणि काळा थर थापून रंगवलं होतं. माझ्या हातोडीला ते घट्ट लागलं, कारण थापलेलं जाड होतं. आत पोकळ. चाकांच्या फळीचे दोन तुकडे झाले होते. सुमीची छाती जिथे असती, बरोबर तिथे.

मी रागावले नाही. ओरडावं असं खूप काही होतं, पण ते बाजूला ठेवलं. गराजच्या उंबऱ्यावर बसले आणि दोघांना दोन बाजूंना घट्ट धरून ठेवलं. आदीसुद्धा सुटायची धडपड न करता बसून राहिला.

"तू कुठून हाक मारलीस?" सुमीने विचारलं.

"मी नाही मारली."

"आई, प्लीज."

संध्याकाळपर्यंत डोकं थोडं जागेवर आलं आणि मी बाबांचे प्रश्न काढले. पहिला संशय फोनवर. चुकून कॉल लागला असेल, स्पीकरवर आवाज गेला असेल. कॉल लॉग बघितला. सकाळपासून आदीचा तो एकच कॉल. गराजमधला छोटा ब्लूटूथ स्पीकर चार्जिंगला किचनमध्ये होता, बंद. मुलांनी रेकॉर्ड केलेला एखादा जुना व्हिडिओ, माझा व्हॉइस मेसेज... सगळं तपासलं. काही नाही. मग वाटलं, मुलांचा भास. वाऱ्याचा आवाज, आईचा नियम मोडल्याची धाकधूक, दोघांच्या मनाने हाक तयार केली. वेगळे शब्द ऐकले ते त्यामुळेच. या उत्तरावर मी झोपले, आणि बरी झोप लागली.

रविवारी सकाळी शेजारचे ग्रॅहम कुंपणापाशी भेटले. सत्तरीचे, एकटे, दिवसभर रेडिओ लावून बागेत. मी काही विचारायच्या आतच इथला माओरी नमस्कार करून म्हणाले, "किया ओरा सुजाता. काल मुलांनी चांगलंच चिडवलेलं दिसतंय तुला. केवढ्याने ओरडलीस! माझ्या हातातली कात्री पडली."

"किती वाजता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच विचित्र वाटला.

"बाराच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या."

"काय म्हणाले मी?"

"तुमच्या भाषेत होतं गं. पण आवाज तुझा."

मी घरात आले आणि फोन उघडला. हँडल मिळाल्यावर मी त्याचा फोटो काढून सुमीला पाठवला होता, 'हेच ना?' म्हणून. तिने तो पाहिलाच नव्हता, फोन तिच्या खोलीत होता. फोटोची वेळ – अकरा अठ्ठावन्न. फील्डिंग.

इथे माझं उत्तर संपलं.

लोक विचारतात, तुला त्या क्षणी काही जाणवलं का? छातीत धस्स झालं का? विनयने विचारलं, माझ्या आईने फोनवर तीनदा विचारलं. जाणवलं असतं तर बरं झालं असतं. मला काहीही जाणवलं नाही. बारा वाजता मी सुमीच्या त्या वाक्यावर चिडलेली होते, आणि तिला परतल्यावर काय सुनावायचं याची मनात तयारी करत होते. मुलीच्या काळजीत वगैरे अजिबात नव्हते. माझा आवाज माझ्याशिवाय घरी जाऊन आला, आणि मला त्याचा पत्ताही नाही.

गाडी विकून टाकायचं मी ठरवलं होतं. सुमीने ऐकलं नाही. "तिची काय चूक?" म्हणाली. मग सगळा सडका पत्रा कापून काढला, नवीन वेल्डिंग करवून घेतलं आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी पहिल्या फटक्यात तपासणीत पास झाली. यावर्षी सुमी तीच गाडी फेरीबोटीत चढवून क्राइस्टचर्चला शिकायला गेली. मी अडवलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी डिकीत तिचे खोके बसवत होतो. मी सहज म्हटलं, "एक सांग. माझ्या एका हाकेत तू जन्मात कधी आली नाहीस. त्या दिवशी कशी आलीस?"

ती खोका हातात धरून थांबली. ही गोष्ट तिने तोवर मला सांगितली नव्हती.

"तू नेहमी हाक मारतेस ना, तेव्हा मी येईन असं तुला वाटत असतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तसं नव्हतं. मी येणारच नाही हे तुला माहीत असल्यासारखं वाटलं. जसं काही... ते होऊन गेलंय, आणि तू तरी हाक मारतेयस."

तिने खोका आत सरकवला आणि डिकी लावली.

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा. मी ऐकून घेईन, आणि पहिल्यांदाच, उलटा प्रश्न विचारणार नाही.