सत्तेचाळीस लाल रेघा

ठिणगीरावांनी नेलपॉलिशच्या तीन बाटल्या घेतल्या, त्याही भडक लाल, ही बातमी बिल्डिंगमध्ये त्यांच्या आधी पोचली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पोस्टाच्या खिडकीत शिक्के मारतात. त्यांची नखं रंगलेली कोणी कधी पाहिली नव्हती. मग बाटल्या कोणासाठी? यावर पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याने दोन दिवस काथ्याकूट केला. दुसऱ्या मजल्यावर ते स्वतः आणि मी राहतो, त्यामुळे मी तटस्थ. म्हणजे दोन्हीकडे जाऊन ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी खरं काय ते जिन्याखाली दिसलं. हा गृहस्थ आपल्या उंच मोटरसायकलपुढे उकिडवा बसून तिच्या नटांना नेलपॉलिश लावत होता. तिसऱ्या मजल्याचा अगदी हिरमोड झाला.

ठिणगीरावांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. नाव आम्ही ठेवलेलं आणि रास्त आहे. गिऱ्हाइकाने मशीन टेबलावर ठेवलं की पहिला प्रश्न, "तेल कधी घातलं होतं?" गिऱ्हाईक आठवायला लागलं की ठिणगी पडली. "आठवावं लागतंय म्हणजे घातलंच नाही! माणसाला जेवायला विसरता का?" तरीही लोक त्यांच्याकडेच जातात. शिव्या खाऊन घरी आणलेलं मशीन दहा वर्षं चालतं.

तर ही मोटरसायकल. दगडधोंड्यांतून जाईल आणि सरळ रस्त्यावरही पळेल, अशी. कंपनीने ती अशा माणसासाठी बनवली असावी ज्याला सकाळी निघून दुपारी घरी यायचं असतं आणि ज्याला बसायला कंबरेखाली काही दिलेलंच नसतं. ठिणगीरावांना मात्र तिच्यावरून वहिनींना तेराशे किलोमीटर न्यायचं होतं, त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे. वहिनींना रजा नऊ दिवसांची. चार दिवस जायचं, एक दिवस मैत्रीण, चार दिवस यायचं. त्यात एक तास इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

आणि वहिनींनी हो म्हणावं, हीच मोठी गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी जुन्या गाडीचं सामानाचं कॅरिअर निखळून चाकात गेलं होतं. वहिनी हेल्मेट हातात धरून अकरा किलोमीटर उन्हात चालल्या होत्या. या वेळी त्यांनी एकच अट घातली. "वाटेत बंद पडली तर तिथूनच बस पकडीन. आणि परत तुमच्या मागे बसणार नाही. कधीच."

म्हणून वर्षभर जिन्याखाली युद्ध चाललं. फळीसारखी सीट उघडून फोम बदलला, वरचं रेक्झिन दुकानातल्या मशीनवर स्वतः दुहेरी शिवलं. टाकी मोठी बसवली. चेनच्या पुढच्या चक्राचा एक दात वाढवला, म्हणजे लांबच्या रस्त्यावर इंजिन उगाच बोंबलत नाही. सामानाच्या दुकानदाराने सहा जादा दिवे गळ्यात मारायला पाहिले, तेव्हा त्याची तर बिनपाण्याने हजामत झाली. "या इंजिनात वीज किती तयार होते ते माहितेय? बॅटरीने वाटेत जीव सोडला तर तू येणार आहेस टॉर्च घेऊन?" शिवाय एक कायदा होता. प्रवासाच्या पिशवीतल्या तीन पान्यांनी जो नट उघडत नाही, त्याने गाडीवर राहायचं नाही. कित्येक नट हद्दपार झाले.

राहिलेल्यांना लाल रेघ. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं आणि ती थरथर म्हणजे नटांची वाळवी. नट घट्ट आवळायचा आणि नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढायची. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते आणि चोर सापडतो. अशा सत्तेचाळीस रेघा.

निघायच्या आदल्या दिवशी मागच्या सीटवर वाळूची दोन पोती बांधून ते पहाटे परीक्षेला गेले.

"माझं वजन दोन पोती?" वहिनी गॅलरीतून.

"दीड! अर्धं तुझ्या बॅगेचं!"

चारशे किलोमीटर करून दुपारी आले. गाडी तापलेली, धुळीने माखलेली. निवेपर्यंत आंघोळ करून, जेवून येतो, मग एकेक रेघ बघतो, असं म्हणून वर गेले.

तेवढ्यात निरोप द्यायला वहिनींचा धाकटा भाऊ आला. प्रेमळ माणूस. गाडीची अवस्था बघून त्याचा जीव कळवळला. त्याने माझ्याकडे थिनर मागितलं. मी बाटली दिली. सुरी देणारा जितका निर्दोष असतो तितकाच मी निर्दोष.

तासाभराने ठिणगीराव खाली आले, तेव्हा गाडी आरशासारखी चमकत होती.

"दाजी, सगळीकडे लाल डाग उडाले होते," मेहुणा कौतुकाची वाट बघत म्हणाला. "एकूण एक काढले."

पुढची दहा मिनिटं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. पाना भिंतीवर गेला, पोतं लाथेने फुटलं, वाळू जिनाभर झाली. तिन्ही मजले कठड्यावर.

"अहो, नट तर घट्टच आहेत ना?" मी समजूत घालायला गेलो.

"आहेत की नाही तेच तर बघायचं होतं!" ते माझ्यावर उलटले. "आता आवळले की सगळेच घट्ट! सैल कोण होतो ते कसं कळणार? चारशे किलोमीटर या गाढवाने फडक्याने पुसून टाकले! आणि तुम्ही त्याला बाटली दिलीत!"

वहिनी भरलेली बॅग घेऊन खाली आल्या. "उद्या निघायचंय."

"उद्या मी पोती घेऊन जाणार. परत."

"म्हणजे माझा मैत्रिणीचा दिवस गेला."

"गेला!" ते ओरडले. मग तितक्याच रागाने, पण खालच्या आवाजात, "तुला बसवून परीक्षा नाही घेणार मी."

वहिनींनी बॅग तिथेच टाकली आणि वर गेल्या. दार असं आपटलं की माझ्या घरातलं कपाट हललं.

त्या संध्याकाळी सत्तेचाळीस रेघा पुन्हा ओढल्या गेल्या. मेहुण्याने नव्या पोत्यात वाळू भरली. त्याला दुसरं काही करायची परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारशे किलोमीटर. परत आल्यावर ठिणगीराव जेवायलाही गेले नाहीत. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि थोड्या वेळाने वहिनींना हाक मारली. कॅरिअरचा डावीकडचा मागचा नट. रेघ मधोमध तुटलेली, दोन तुकडे एकमेकांपासून बोटभर दूर.

वहिनींनी वाकून पाहिलं. बराच वेळ. मग मैत्रिणीला फोन लावला. "अगं, एक दिवस नाही जमत. संध्याकाळपुरती येते. पण येते."

ठिणगीरावांनी त्या नटाच्या जागी सैल न होणारा, आत नायलॉनची कडी असलेला नट बसवला. बसवतानाही तोंड चालूच होतं.

सकाळी सहाला दोघं निघाले. वहिनी मागे बसल्या, हेल्मेटचा पट्टा आवळला. आम्ही सगळे फाटकाशी. मेहुण्याला परवाचं बोलणं अजून लागलेलं होतं, त्याला राहवलं नाही.

"दाजी, रागावू नका, पण एका सैल नटापायी ताईचा अख्खा दिवस घालवलात."

ठिणगीरावांनी गाडी बंद केली, हेल्मेटची काच वर केली.

"ताईला उतरवतो. तू बस मागे. पंधरा सैल ठेवतो."