साखरमावशीने गाळलेलं वाक्य

साखरमावशीला कडू बोलता यायचं नाही, आणि याचा तिला भारी अभिमान होता. शेजारणीची भाजी करपली तर ही "छान खरपूस झालीय" म्हणायची. शिंप्याने बाही घट्ट शिवली तर दोष स्वतःच्या दंडाला द्यायची. ऐन उमेदीत ती एका परदेशी कुटुंबाची मुलं सांभाळायला होती, तेव्हा त्यांची भाषा तिच्या जिभेवर बसली ती कायमची. त्या भाषेच्या जोरावर उतारवयात तिला दवाखान्यात दुभाष्याची नोकरी लागली आणि गल्लीने तिला अगदी डोक्यावर घेतलं. आपली बाई डॉक्टरांच्या शेजारी खुर्चीत बसणार, म्हणजे काय चेष्टा आहे!

दवाखाना कसला, जुन्या गोदामाला चुना फासून काढलेल्या खोल्या. परदेशातून आलेले डॉक्टर तिथे गरोदर बायकांवर एका नव्या गोळीचा अभ्यास करत होते. दिवस भरत आले की काही बायकांचा रक्तदाब चढतो, झटके येतात. कधी आई जाते, कधी मूल, कधी दोघंही. ते टळावं म्हणून ही गोळी. मावशीला तिचं महत्त्व कुणी पटवून द्यायला नको होतं. तिची धाकटी बहीण अशाच झटक्यांनी गेली होती. मागे राहिलेली तान्ही पोर मावशीने उराशी धरून वाढवली, तिचं लग्न करून दिलं, आणि आता त्या भाचीलाच दिवस गेले होते. सगळ्यांच्या आधी मावशीने तिचंच नाव घातलं.

काम असं चाले. डॉक्टर एकेक वाक्य बोलत, मावशी ते आपल्या भाषेत सांगे, मग समोरची बाई सही करी किंवा अंगठा उठवी. डॉक्टर म्हणत, "निम्म्या बायकांना नवी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे आम्हालाही माहीत नसेल." मावशी सांगे, "दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत गं. तुझ्या वाट्याला येईल ती नेमाने घे." डॉक्टर म्हणत, "नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा, कुणी रागावणार नाही." मावशी सांगे, "डॉक्टर स्वभावाने फार चांगले आहेत."

आपण काही चुकीचं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. पोटुशी बाई समोर बसलेली, तिला तोंडावर कसं सांगायचं की बाई, तुला कदाचित पोकळ गोळी मिळेल? अशा वेळी बाईच्या कानावर चांगलंच पडावं, एवढंच तिला ठाऊक. आणि बायका तरी कुठे डॉक्टरांकडे बघत होत्या? त्या मावशीच्या तोंडाकडे बघून मान डोलावत. एकीनेही कधी नकार दिला नाही. डॉक्टर खूश. "आमच्याकडे कितीतरी बायका नाही म्हणतात," ते एकदा म्हणाले, "इथले लोक फार समजूतदार!" मावशीने हे घरोघरी सांगितलं आणि सगळी गल्ली फुशारली.

मग एक नवी नर्स आली. तीही परदेशी, तीही पोटुशी, आणि मोठी लाघवी. दुपारी दोघी मागच्या ओट्यावर चहा घेत. एकदा नर्सने पर्समधून गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

"ही आपलीच का गं?" मावशीने विचारलं.

"छे, ही जुनी. खात्रीची. माझ्या आईला झटके आले होते ना, म्हणून. आमच्याकडे धोका असलेल्या प्रत्येकीला देतात."

मावशीचा कप हातातच राहिला. "अशी गोळी आधीच आहे? मग आमच्या बायकांना का नाही देत?"

"इथे त्यांना तसंही काहीच मिळत नव्हतं," नर्स सहज बोलून गेली. "म्हणून इथे पोकळ गोळी देता येते. आमच्याकडे तशी परवानगीच मिळाली नसती."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं असावं. ती कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. मावशीच्या काळ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिने चहा तसाच ठेवून कप खाली सरकवला. रंगाचा विषय त्या दवाखान्यात कुणी काढत नसे. काढायचा तरी कशाला? गोळ्या देणारे सगळे गोरे आणि घेणाऱ्या सगळ्या काळ्या, हे रोज सगळ्यांना दिसतच होतं.

संध्याकाळी मावशी भाचीकडे गेली. भाची सुजलेले पाय उशीवर ठेवून पडली होती. मावशीने उंबऱ्यातच बसून सगळं सांगितलं, काही हातचं न राखता.

"म्हणजे माझी गोळी पोकळ असेल?" भाचीने विचारलं.

"असेल. नसेलही."

"आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"तुला घोर लागू नये म्हणून मी..."

"आई अशीच गेली ना, मावशी? मग मला घोर लागायलाच हवा होता." भाचीचा आवाज चढला नाही, तेच मावशीला जास्त लागलं. "तू मला विचारलंसच नाहीस. चल म्हणालीस, मी आले."

मावशीला रडूही येईना. या पोरीचं पडसंसुद्धा तिने कधी अंगावर काढू दिलं नव्हतं, आणि जिवाचा प्रश्न होता तिथे तिला अंधारात ठेवलं होतं. लाजेने तिला वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. मावशीने खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"त्यांना विचार," भाची उभ्याउभ्याच म्हणाली, "तुमच्या बायकोला दिवस गेले असते तर कुठली गोळी दिली असती?"

मावशीने जसंच्या तसं विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस लबाड नव्हता. "जुनी," ते म्हणाले. मावशीने ते आपल्या भाषेत सांगितलं, पार बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"मग मलाही तीच द्या."

"या अभ्यासात ती देता येत नाही."

"मग मी अभ्यासात नाही."

डॉक्टर मावशीकडे वळले. "तुम्ही समजवा ना तिला. तुमचं सगळ्याजणी ऐकतात."

"आजवर मी कुणाला समजावलंच नव्हतं, डॉक्टर," मावशी म्हणाली. "काल पहिल्यांदा समजावलं. म्हणून ती नाही म्हणतेय."

नर्सने पुढे होऊन जुन्या गोळीचं नाव सांगितलं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात विकत मिळेल, आजच जा, म्हणाली. भाची मावशीकडे न बघता बाहेर पडली. मावशी तिच्यामागे धावणार, तोच बाकावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "आम्हालाही सांग," त्या म्हणाल्या, "सगळं."

मावशीचा जीव फाटकाकडे ओढत होता. पण ती बाकावर बसली आणि पहिल्या वाक्यापासून सांगू लागली. मधेच तिने मान वर करून पाहिलं. भाची फाटकापाशी पाठ करून उभी होती, शहराची बस येऊन गेली तरी.