आमच्या हिचा पासवर्ड

लग्नाला तीस वर्षं होत आली, पण आमच्या हिनं माझं नाव कधी तोंडातनं काढलं नव्हतं. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं की ही पोरीला कोपरानं ढोसणार, तू सांग म्हणून. पोरगी नसली तर माझ्याकडं बोट. मीही नसलो तर काय करायचं ते नर्सनं बघावं. वरच्या गल्लीत माझ्याच नावाचा एक जण राहतो, त्या बिचाऱ्यालाही ही 'कोपऱ्यावरचे भावजी' म्हणते. हळदी-कुंकवाला बायकांनी फारच धरलं तर उखाण्यात घ्यायची, तेही मागं 'राव' लावून, आणि घेतलं की पदरात तोंड. मी म्हणायचो, अगं, तू नाव घेतलंस म्हणून माझं आयुष्य कमी होणार आहे का? ती म्हणायची, आणि झालं तर?

आम्ही गडमुडशिंगीचे. दारात दोन म्हशी, थोडा ऊस, आणि मी फौंड्रीत कामाला. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन जायचं काम हिचं. तिथं काउंटरच्या पलीकडं एक मुलगी कॉम्प्युटरवर बसायची. दूध मापलं, फॅट लागली, की कळ दाबून पावती हातात द्यायची. तिचं लग्न ठरलं आणि ती सासरी गगनबावड्याला गेली. खुर्ची रिकामी झाली. सगळ्या गावाला ती खुर्ची रिकामी दिसली, पण विचारायला गेली ती आमची ही. सरळ चेअरमनसमोर उभी राहिली, मी बसू का म्हणून. चेअरमन हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, वहिनी, दहावी करा, कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणा, पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणालातरी बदलीवर बसवून खुर्ची धरून ठेवतो. त्यापुढं मात्र माझ्या हातात काही नाही.

ही नववीतनं उठवून बोहल्यावर चढवलेली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. कुठलं उतरतंय! बाहेरनं दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि राजारामपुरीत एका पहिल्या मजल्यावरच्या क्लासला नाव घातलं. मोठ्या वयात दहावी करणाऱ्यांसाठीच तो क्लास, दुपारी बारा ते दोन. अभ्यासाबरोबर बोलायचं इंग्रजी आणि कॉम्प्युटर. माझी दुसरी पाळी असायची, म्हणून मी तिला गाडीवर घेऊन जायचो आणि गॅलरीत खिडकीजवळच्या बाकावर बसून राहायचो. क्लास सुटला की तिला वडापच्या जीपमध्ये बसवायची आणि आपण कामाला पळायचं.

आत सगळ्या बायकाच. एक भाजी विकणारी, एक जोतिबावर नारळ-गुलालाचं दुकान असलेली, दोघी शिवणकाम करणाऱ्या. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या पोरीपेक्षा लहान, पण आवाजात जरब. पहिल्या दिवशी हिनं माउस असा धरला होता की जणू सोडला तर पळून जाईल. खिडकीतनं बघून मला हसू आलं. नंतर मॅडमनी सहज म्हणून मला बसवलं, तर माझा बाण पडद्याच्या बाहेरच जाऊन बसला आणि सापडेना. त्यानंतर मी मुकाट बाकावर बसायला लागलो.

इंग्रजीचं तर विचारू नका. घरात बोलायला कोण नाही, म्हणून ही गोठ्यात बोलायची. धार काढायला बसली की म्हशीला गुड मॉर्निंग. म्हशीनं पाय उचलला की "नो, नो, स्टँड प्रॉपर." महिन्याभरात म्हैस ऐकायला लागली की हो! पहाटे उठून धारा, मग डबे, मग शेणकूर, मग क्लास, परत संध्याकाळच्या धारा, आणि जेवणं झाली की भांडी घासता घासता शब्द पाठ. मी फौंड्रीत आगीपुढं उभा राहणारा माणूस, दमणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पण ही बाई कधी बसते हेच मला कळायचं नाही. मला तिचा लई अभिमान वाटायचा, आणि तोंडावर सांगायला लाजही वाटायची. शेवटी दहावीचा निकाल लागला. पास झाली, वर गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क.

मग राहिली क्लासची शेवटची, कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटची परीक्षा. प्रत्येकीनं कॉम्प्युटरवर स्वतःची एक फाइल करायची, तिला पासवर्ड घालून कुलूप लावायचं, आणि परीक्षेला ती उघडून दाखवायची. मॅडमनी समजावून सांगितलं होतं, असा शब्द ठेवा जो कधी विसरणार नाही आणि कधी तोंडातनं बाहेर पडणार नाही. एरवी शंभर शंका काढणाऱ्या बायकांनी त्या दिवशी एकीनंही काही विचारलं नाही. माना खाली घालून, गालातल्या गालात हसत, टकाटक शब्द घातले. मॅडम खूश झाल्या. मीही बाहेर बसून खूश झालो.

परीक्षा आली दसऱ्याच्या तोंडावर. बाहेरनं एक सर आले होते, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. सकाळपासनं लाइटचा खेळ चालला होता, म्हणून सगळ्यांच्या फायली एका कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या आणि त्याच्यापुढं सर स्वतः बसले होते. फाइल मी उघडणार, मग तुम्ही काम करून दाखवायचं, असा त्यांनी नियम सांगितला. फाइल उघडली नाही तर नापास, परत सहा महिन्यांनी या. सहा महिन्यांनी! तोवर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी कायमचं बसलेलं असणार. पहिला नंबर आमच्या हिचाच.

सरांनी पासवर्ड विचारला. ही कीबोर्डकडं बघायला लागली. परत विचारला. ही म्हणाली, सर, मी टाइप करतो की. सर म्हणाले, नियम नाही, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. तेव्हा हिनं वळून खिडकीकडं बघितलं. तिची ती नजर बघितली मात्र, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कधी विसरणार नाही आणि कधी तोंडातनं बाहेर पडणार नाही असा शब्द तिच्याजवळ दुसरा कुठला असणार?

उठून खिडकीतनं ओरडावं असं वाटलं, नाव माझंच आहे, मला काय चोरी! पण बाहेरनं कुणी काही सांगितलं तर परीक्षा रद्द, हे मॅडमनी सकाळीच बजावलं होतं. बाकाची कड धरून मी बसून राहिलो. आत जोतिबावरच्या बाई हळूच म्हणाल्या, उखाण्यात घे की गं. हिनं पदर सावरला, घसा साफ केला आणि सुरू केलं, "मिल्क इज व्हाइट, बफेलो इज ब्लॅक..."

"बाई, कविता नको. पासवर्ड तेवढा सांगा," सर म्हणाले.

असा राग आला मला त्या माणसाचा! म्हशीशी बोलून बोलून शिकलेलं इंग्रजी, त्यात हिनं उखाणा रचला, आणि ह्या बाबानं तो अर्ध्यावर कापला. हिची पाठ मला दिसत होती. तीस वर्षं जे तोंडाशी आलं की गिळलं ते बोलायचं, की ती खुर्ची सोडायची, एवढाच प्रश्न होता. मी मनात म्हणत होतो, म्हण गं बाई, मला काय होत नाही, मी चांगला ठणठणीत इथं बसलोय.

आणि तिनं म्हटलं. 'राव' नाही, 'अवो' नाही, नुसतं नाव. आमच्याकडं हळू बोलायची पद्धतच नाही, त्यामुळं खाली रस्त्यावरही ऐकू गेलं असणार.

आणि मी, खुळ्यासारखा, बाकावरनं ताडकन उठून म्हणालो, "ओ!"

कसा म्हणालो ते मलाही कळलं नाही. बायका अशा हसल्या की मॅडमनी टेबलावर डोकं टेकलं. सरांच्याही चेहऱ्यावरची माशी हलली. फाइल उघडली. हिनं त्यात पावतीचा तक्ता करून दाखवला, इंग्रजीत स्वतःची ओळख करून दिली, म्हशींसकट. अडली कुठंच नाही. मग पुढच्या बाईचा नंबर आला. तिचाही पासवर्ड तोच, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव. तिच्या पुढचीचंही तेच. हिनं वाट करून दिली होती, त्यामुळं एकेक जण उठून बिनधास्त आपापल्या नवऱ्याचं नाव ठणकावून सांगत सुटली. ओ द्यायला मात्र बाहेर मी एकटाच.

सगळ्या पास झाल्या. दसऱ्याला ही त्या खुर्चीवर बसली. आता सकाळी किटली घेऊन रांगेत मी उभा असतो. ती चष्मा लावून बसलेली असते, फॅट बघते, कळ दाबते, आणि बाकीच्यांना देते तशीच मलाही पावती देते, पुढं चला म्हणते. ओळखसुद्धा दाखवत नाही. मला ते लई आवडतं.

घरात मात्र परत 'अवो'. परवा धारा काढताना मी म्हटलं, एकदा घेतलंस तर काय झालं का मला? काय झालं नाही. मग घे की परत, एकदाच, इथं कोण आहे ऐकायला, ही म्हैस सोडली तर.

तिनं वर बघितलंही नाही. म्हणाली, "मॅडमनी काय सांगितलंय? पासवर्ड कुणाला सांगायचा नस्तोय."