स्वतःचा कप

लोकांच्या घरातलं सामान बांधायचा धंदा असला की किस्से शोधायला जावं लागत नाही. कपाटं उघडी, गाद्या भिंतीला टेकवून उभ्या. घर असं उघडं पडलं की माणूसही बडबडायला लागतो. बहारीनच्या अदलिया भागातल्या एका जुन्या व्हिलात आमचं पॅकर्स-मूव्हर्सचं ऑफिस आहे. पप्पा मॅनेजर. मी इंग्लंडमधलं कॉलेज अर्धवट सोडून आलेला त्यांचा मुलगा, म्हणजे ऑफिसातला सगळ्यात स्वस्त माणूस!

* * *

जुफैरला एका गोऱ्या साहेबाचा फ्लॅट रिकामा करत होतो. वीसेक वर्षं बहारीनमध्ये काढून गडी मायदेशी निघालेला. तोंड पडलेलं. मला म्हणाला, "माझं गाव आता माझं राहिलं नाही. बाहेरचे येतात, आपापल्यातच राहतात, भाषासुद्धा शिकत नाहीत!"

तेवढ्यात आमच्या शफीकने, म्हणजे आमच्या बांगलादेशी पॅकरने, भलताच खोका उचलला. साहेब ओरडला, "मफी! खलास! यल्ला!" वीस वर्षांत शिकलेली सगळी अरबी त्याने एका दमात संपवली.

मी विचारलं, "सर, मग तुम्ही इथे कोण? इमिग्रंट?"

"छे! एक्स्पॅट."

"फरक काय?"

"आम्ही शेवटी घरी परत जातो." मग रिकाम्या हॉलकडे बघत हळूच म्हणाला, "जावंसं वाटत नाहीये रे."

* * *

कॉलेजचं सांगतो. मी इतिहास शिकायला गेलो होतो. युद्धानंतर ब्रिटनला हात कमी पडले, म्हणून त्यांनी जुन्या वसाहतींतून माणसं येऊ दिली. कोणी फाउंड्रीत, कोणी बसवर, कोणी हॉस्पिटलात. काम दिलं, पण खोली द्यायची वेळ आली की खिडकीत पाटी: काळ्यांना जागा नाही. हे सगळं शिकवून झाल्यावर सर माझ्याकडे वळले. "रॉनी, तुझ्या कम्युनिटीला तेव्हा काय वाटलं असेल?"

अख्खा वर्ग वळून बघायला लागला. माझी कम्युनिटी? अहो, मी इथे बहारीनमध्ये, हमद टाउनच्या राउंडअबाउटभोवती सायकल शिकलेला माणूस!

त्याच आठवड्यात भाड्याची खोली बघायला गेलो. घरमालक देशीच, पण तिकडेच जन्मलेला. दारातच म्हणाला, "सॉरी ब्रदर, बाहेरून आलेली इंडियन मुलं नकोत. किचनला वास बसतो."

त्याच्या मागे भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. बस कंडक्टरच्या युनिफॉर्ममधला. हार घातलेला.

मी नापास झालो नाही. सोडून आलो. पप्पा चर्चमध्ये लोकांना सांगतात, "त्याला ॲडजस्ट नाही झालं."

* * *

ॲडजस्ट होण्यातले आमच्या घरातले चॅम्पियन म्हणजे पास्कल आजोबा. पप्पांचे काका. वसईहून तरुणपणी इंग्लंडला गेले, जन्मभर फाउंड्रीत राबले. आता दर हिवाळ्यात ऊन खायला आमच्याकडे येतात आणि दिवसभर सोफ्यावर बसून तिकडच्या बातम्या बघतात.

परवा बातम्यांत बोटीतून आलेली माणसं दाखवत होते. आजोबा खवळले, "सगळ्यांना परत पाठवा! देशाची वाट लावली."

मी म्हटलं, "आजोबा, तेव्हा लोक तुम्हालाही हेच म्हणायचे ना?"

"आम्ही वेगळे. आम्हाला कामाला बोलावलं होतं."

"मग ती म्हातारी? खोली देते असं पत्र पाठवलं, आणि तुमचं तोंड बघून दार आपटलं, ती?"

आजोबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

* * *

त्यांचा आवडता किस्सा कपाचा. फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये आजोबांनी वापरलेला कप गोरे कामगार बाजूला सारायचे. आजोबांनी काय केलं? भांडले? छे! घरून स्वतःचा कप न्यायला लागले. रोज न्यायचा, धुवायचा, परत आणायचा. रिटायर होईपर्यंत.

"कटकट नाही, तक्रार नाही," आजोबा छाती काढून सांगतात. "आणि निरोप समारंभाला त्यांनी मला काय दिलं, सांगा बघू? कप!"

सगळे हसतात. पप्पांच्या तर डोळ्यांत पाणी येतं. "ह्याला म्हणतात संस्कार," मला ऐकू जाईल असं ते म्हणतात.

* * *

आता पप्पांचे संस्कार ऐका. ऑफिसच्या पॅन्ट्रीतले सगळे कप सारखेच, पांढरे. पण काही कपांच्या बुडाला मम्मीच्या नेलपेंटचा लाल ठिपका आहे. ते कप शफीक आणि त्याच्या हाताखालच्या पोरांचे. पप्पांनी स्वतः बसून रंगवलेत. घरी हे फक्त मला आणि रीनाला माहीत. रीना म्हणजे माझी धाकटी बहीण.

मी एकदा मुद्दाम ठिपक्याच्या कपात चहा घेतला. पप्पा म्हणाले, "ठेव तो. हायजीनचा प्रश्न आहे."

"पप्पा, पास्कल आजोबांच्या फाउंड्रीतही हायजीनचाच प्रश्न होता का?"

"तू कॉलेज सोडून आलायस. मला शिकवू नकोस."

शफीक तिथेच उभा होता. त्याने तो कप माझ्या हातातून घेतला, धुतला आणि त्याच्या फळीवर पालथा ठेवला.

* * *

रीना इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. यंदा तिला इंग्लंडचा जॉब लागला. पप्पांनी अख्ख्या पॅरिशला केक वाटला. मी बुडवलेलं नाव पोरगी वर काढणार!

पण रीनाची झोप उडालेली. तिची मैत्रीण तिकडच्याच एका वॉर्डात आहे. तिला एक पेशंट म्हणाला, "तुझे काळे हात मला लावू नकोस." ती वॉर्डच्या मुख्य सिस्टरकडे गेली, तर सिस्टर म्हणाली, "म्हातारा आहे गं, मनावर घेऊ नकोस."

रीनाने हे जेवताना सांगितलं. मग पप्पांना एकच गोष्ट विचारली. "असं माझ्याशी कोणी वागलं, आणि मला नाही सहन झालं, तर मी परत आलेली चालेल?"

पप्पा भात कालवत राहिले. "ॲडजस्ट करायचं, बाय."

"ते करीनच. पण नाहीच झालं तर? येऊ?"

"एक परत आलाय घरात. तेवढा पुरे."

मम्मीने मला अजून मासा वाढला. मी खाल्ला. काय करणार!

जायच्या दिवसापर्यंत रीनाने तीनदा तरी तेच विचारलं. पप्पांनी कधी हवामान सांगितलं, कधी जाड मोजे.

* * *

तिचं सामान ऑफिसातच बांधलं. वजनकाटा तिथे, बबल रॅप तिथे, आणि पप्पांचा हुकूम: "माझ्या पोरीची बॅग प्रोफेशनल पॅक झाली पाहिजे." शफीक जमिनीवर बसून बांधत होता. खुर्चीत पास्कल आजोबा. ते म्हणाले, "पोरी, सगळं राहू दे, पण स्वतःचा कप घेऊन जा. मानाने राहशील."

"बरोबर," पप्पा म्हणाले. "चांगल्यातला घे."

रीना पॅन्ट्रीत गेली. एक पांढरा कप घेऊन आली आणि तिने तो शफीकच्या हातात दिला.

कप बांधायचा तर आमच्यात आधी पालथा करतात. शफीकने केला. बुडाला लाल ठिपका.

"दीदी, ये तो हमारा है," तो म्हणाला.

"मालूम है, भैया. बांधो."

शफीकने पप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. आजोबांना ठिपक्याचं काय ठाऊक! ते खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा, पोरगी शहाणी. माझं ऐकलं!"

शफीकने कपावर एक गुंडाळी घातली, मग दुसरी, आणि कपड्यांच्या मधोमध ठेवला. पप्पांनी बॅगेची चेन स्वतः लावली. मध्येच अडकली, ती ओढत राहिले. मग मान वर न करता म्हणाले,

"ऑफिसचा कप आहे तो. परत येशील तेव्हा घेऊन ये."