पानठेलेवाल्याचे बिल्ले

महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा पानठेला होता. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला जाताना मी रोज तिथं थांबायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. तेव्हा चिल्लरीची टंचाई होती. पाच पैसे परत द्यायचे झाले की तो पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा. तो बिल्ला न्हावी घ्यायचा, रिक्षावालाही घ्यायचा. किराणावाल्यानं स्वतःचे पुठ्ठ्याचे बिल्ले काढून पाहिले, पण ते कोणी हातात धरीना.

एका सकाळी ठेल्यापुढे ही रांग! पोरीच्या लग्नासाठी तो आठ दिवस गावी जाणार होता, म्हणून गल्लीभर सांगून त्यानं सगळे बिल्ले परत मागवले होते. ज्याला पान नको, त्याला कुठून तरी जमवलेली नाणी देत होता.

मी त्याला माझी अडचण सांगितली. अमेरिकेनं डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं होतं. आता डॉलरच्या जागी जगानं तिजोरीत काय ठेवावं, सोनं, जर्मन मार्क की सगळ्यांनी मिळून काढलेलं नवं चलन, हे मला वर्गात शिकवायचं होतं.

पानाला चुना लावता लावता त्यानं विचारलं, "बंद कराच्या आधी सांगतलं होतं का त्यानं लोकायले?"

"नाही. एका रात्रीत केलं."

"मंग त्याच्या जागी कोनीबी येवो, त्याले हे पह्यले विचारा," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. "आन तुमचे बिल्ले काढा, मास्तर."