नफ्याआधी कर भरणारे साडू

कर चुकवणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. कर सल्लागार म्हणून माझा चरितार्थच त्यांच्यावर चालला. परंतु देय होण्यापूर्वीच कर भरून टाकणारा, आणि त्यापायी स्वतःचा उत्तम चाललेला धंदा बुडवायला निघालेला मनुष्य साऱ्या भारतवर्षात एकच असावा. आणि तो माझा साडू असावा, हा माझ्या पत्रिकेचा दोष.

उद्यमनगरात त्यांचे वर्कशॉप आहे. गुऱ्हाळांवरच्या चरकांचे रोलर आणि गिअर ते बनवतात. कामात खोट काढायला जागा नाही. हे मी कौतुक म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. या धंद्याची रीत अशी की गुऱ्हाळे दसऱ्याच्या सुमारास पेटतात, म्हणून सारे काम पावसाळ्यात उरकावे लागते, आणि पैसे मात्र गूळ विकला गेल्यावर मिळतात. मधले काही महिने रोकड केवळ बाहेर जात असते. अशा धंद्यात कोणते देणे कधी द्यायचे याचे भान म्हणजेच निम्मा धंदा. हे भान आमच्या साडूंना परमेश्वराने दिलेच नाही. एसटी स्टँडात शिरण्याआधी यांच्या मुठीत तिकिटाचे सुटे पैसे तयार असतात. विजेचे बिल आले की जेवण अर्धवट टाकून ते भरायला उठतात. एकदा एका हॉटेलात त्यांनी मिसळीचे पैसे आधी मोजले आणि मागाहून कळले की मिसळ संपली आहे. मालक पैसे परत देऊ लागला, तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, परत कधी येईन तवा खाईन." पाणी पिऊन बाहेर आले. त्या हॉटेलात ते पुन्हा गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लहान व्यावसायिकांसाठी कायद्यात एक चांगली सोय आहे. उलाढालीवर ठरावीक नफा धरावा आणि आगाऊ कर मार्चच्या मध्यापर्यंत एकदाच भरावा. ही तरतूद जणू गुऱ्हाळांवर अवलंबून असणाऱ्यांसाठीच केली असावी, कारण तोवर गुळाचे पैसे हाती आलेले असतात. मी साडूंना ती समजावली. त्यांनी मान डोलावली. आणि अक्षय्य तृतीयेला, लोक सराफकट्ट्यावर सोने घेत असताना, यांनी संपूर्ण वर्षाचा प्राप्तिकर भरून टाकला.

"अहो, वर्ष आत्ता कुठे सुरू झाले आहे. नफा किती होणार हे तुम्हाला कसे ठाऊक?" मी विचारले.

"मी ठरवलाय की, अण्णा."

"ठरवलाय म्हणजे?"

"म्हंजे आता कर भरलाय, तेवढा नफा तर मिळवायलाच पायजे न्हवं?"

नफ्यावर कर बसतो, हे अर्थशास्त्र मी शिकलो होतो. करावर नफा बसवणारे हे पहिलेच. तेव्हापासून दरवर्षी, आधी भरलेल्या कराला शोभेल इतका नफा व्हावा म्हणून हा गृहस्थ राबत असे, आणि बहुतेक वर्षी तो नफा होत नसे. जास्त गेलेला कर परत मिळतो, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी कुणाच्या मांडवातले ताट उचलायला सांगत होतो. "दिलेला आहेर कुणी परत मागतंय व्हय, अण्णा?" शेवटी मीच संगणकासमोर बसलो. परताव्यासाठी बँकेचे खाते जोडायचे होते. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला. त्यांनी मोबाईल छातीशी धरला.

"आकडा सांगा."

"न्हाई सांगता येत. बँकच म्हंतीया, कुणालाबी सांगू नका म्हणून."

"मी कुणीही नाही. मी तुमचा साडू आहे."

"त्यात साडू सोडून असं काय लिवलेलं न्हाई."

ओटीपीची मुदत टळली. परतावा सरकारजमाच राहिला.

जीएसटीच्या बाबतीत हेच. महिन्याच्या अखेरच्या दिवशी माल पाठवून बिल केले, तर त्याचा कर पुढच्याच महिन्यात भरावा लागतो; तोच माल दुसऱ्या दिवशी, नव्या महिन्यात, पाठवला तर पूर्ण महिना हाती राहतो. यात लबाडी नाही. एका दिवसाचा धीर आहे. परंतु "म्हयना मोकळा झाला पायजे" या हट्टापायी ते अखेरच्या संध्याकाळी पावसात भिजत टेम्पो भरत, आणि तो रस्त्याला लागला की मला अभिमानाने फोन करत. मी फोन ठेवून देत असे. गुऱ्हाळवाले मात्र त्यांचे पैसे सावकाश, गूळ विकून, बाजार पाहून, कधी घरातले लग्न उरकून देत. त्यांच्याकडे मागणे यांच्या जिभेला जमत नव्हते. "देतील की. पळून जात्यात व्हय?"

गेल्या भाद्रपदात व्हायचे ते झाले. गारगोटीकडच्या एका मोठ्या गुऱ्हाळाचे रोलर दसऱ्याआधी द्यायचे होते. कराच्या आणि इतर आगाऊ देण्यांच्या पायी खाते रिकामे झाले होते. फौंड्रीत रोलरचे ओतकाम तयार होते आणि फौंड्रीवाला उधारीवर द्यायलाही तयार होता. साडूंनी नकार दिला. उधारीचे लोखंड आपल्या मशीनवर चढणार नाही, हा त्यांचा बाणा. रोलर गेले नाहीत तर गुऱ्हाळ पेटणार नाही, ऊस उभा राहील, आणि गुऱ्हाळवाले दुसरे वर्कशॉप गाठतील. एक गेला की त्याच्यामागून सगळेच जातील. माझी मेव्हणी, म्हणजे साडूंची पत्नी, आमच्या घरी आली. ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"दाजी, आवंदा वर्कशॉपला कुलूप लागतंय बघा. माझं काय ऐकत न्हाईत. तुमीच काय ते सांगा त्यास्नी."

सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी साडूंना मोटारीत घातले आणि गारगोटीची वाट धरली. वाटेत त्यांच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतले: निम्मी रक्कम आगाऊ हवी. चार शब्द. गुऱ्हाळमालकाच्या सोप्यात बसल्यावर साडूंनी पावसाची चौकशी केली, उसाची केली, म्हशीची केली, मालकाच्या गुडघ्याची केली. चहा झाला. मी खाकरलो. साडू म्हणाले, "ते... जरा... ऱ्हाऊ दे, काय न्हाई," आणि चप्पल शोधू लागले.

तेव्हा ते चार शब्द मीच उच्चारले.

गुऱ्हाळमालक क्षणभर पाहत राहिला आणि मग एवढ्या मोठ्याने हसला की गोठ्यातली म्हैस दचकली. "आगाऊ पायजेत? मग तोंडानं बोलायचं की ओ पावणं! दर साली मी घरात म्हंतोय, ह्यो माणूस पैसं मागत कसा न्हाई. आमास्नी वाटलं, लई गबर हाय!" त्याने तिथेच मोबाईलवरून रक्कम पाठवली. शेजारच्या गुऱ्हाळवाल्यांनाही आपणच सांगतो, म्हणाला. साडूंचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. "आगाऊ दिलंसा, तर मग भाव जरा कमी करू का?" असे ते म्हणतात न म्हणतात तोच मी त्यांच्या पायावर पाय दिला.

परतताना मी मुद्देसूद बोललो. रोलर वेळेवर जातील. येत्या वर्षापासून आगाऊ कर मार्चमध्येच भरायचा, त्याआधी नाही. परतावा मागायचा. बिले नव्या महिन्यात करायची. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"अण्णा, एक इचारू? मार्चला मी असंन का?"

"म्हणजे?"

"डाक्टरनं श्रावणात छाती तपासलीया. घरात सांगितलं न्हाई. माझ्या माघारी सरकारची नोटीस आली, तर तुमची मेव्हणी ती कुणाला दावील? तिला इंग्रजी येत न्हाई. म्हणून आधीच मोकळं व्हतोय. आधीपास्नंच सवय हाय, आता तर लईच घाई वाटतीया."

मृत करदात्याच्या वारसांविषयी कायद्यात स्पष्ट कलमे आहेत. ती मला तोंडपाठ आहेत. मी सांगितली नाहीत.

रोलर दसऱ्याआधी गेले. वर्कशॉप चालू आहे. डॉक्टरांकडे आता मी त्यांच्यासोबत जातो, आणि तिथेही ते तपासणीआधीच पैसे मोजतात. मी अडवत नाही. यंदाच्या कराची रक्कम मात्र, अक्षय्य तृतीया उलटली तरी, माझ्या सांगण्यावरून त्यांनी अजून खात्यात ठेवली आहे, आणि दर आठवड्याला ते मला विचारतात, आता भरू का. मी दर वेळी नाही म्हणतो. मी वयाने त्यांच्यापेक्षा मोठा. मार्चला मी असेन, याची खात्री मलाही देता येत नाही. परंतु मार्चमध्ये कर भरायला आम्ही दोघांनी मिळून बसायचे, असे मी त्यांना बजावले आहे, आणि या बाबतीत मी त्यांचे काहीएक ऐकणार नाही.