नवमीच्या पानावरची नोंद

ते प्रकरण आठवलं की आजही मान खाली जाते.

मी तेव्हा चेन्नईजवळ शोळिंगनल्लूरला पोलीस निरीक्षक होतो. तिथल्या एका मोठ्या कार्यालयीन इमारतीने वीज आणि डिझेलच्या वापराचा अहवाल सरकारला दिला होता. धुराच्या नियमात बसावं म्हणून त्यात जनरेटरचे तास कमी दाखवलेत, असा निनावी फोन आला. तपासणीत मीटर आणि नोंदवही जुळेनात. गुन्हा दाखल करून मी नोंदवही जप्त केली. प्रत्येक पानावर जनरेटर ऑपरेटरची सही होती.

ऑपरेटर पन्नाशीचा तमिळ माणूस. "सही माझी नाही, अय्या," एवढंच म्हणे. अय्या म्हणजे साहेब.

इमारतीचा ऊर्जा व्यवस्थापक सांगलीचा तरुण, नुकताच चेन्नईत आलेला. मी तंजावरकडचा मराठी. माझं बोलणं ऐकून तो खुलला. "साहेब, तुम्ही तर आपलेच निघालात! अहो, हा म्हातारा आळशी. आठवड्याच्या नोंदी एकदम लिहितो, त्याही अंदाजाने."

त्याला मी कॉफी पाजली. ऑपरेटरला दोन दिवस ठाण्यात जमिनीवर बसवून ठेवलं. एकदा थोबाडीतही मारली.

तिसऱ्या दिवशी नोंदवही चाळताना आमचा हेड कॉन्स्टेबल हसला. "सार, नवमीला, ऐन आयुधपूजेच्या दिवशी जनरेटर तीन तास चालवलाय! त्या दिवशी आपण रायफलींना चंदन लावतो, टाइपरायटरलाही हात लावत नाही."

मी पान उलटलं. दसऱ्याला लिहिलं होतं: पूजा, यंत्र बंद. तमिळनाडूत नेमकं उलटं असतं. नवमीला यंत्रं पूजेला बसतात, दशमीला पुन्हा सुरू होतात. इथला ऑपरेटर ही चूक करणार नव्हता. मी इथेच वाढलो, तरी ते मला दिसलं नव्हतं.

व्यवस्थापकाला बोलावून दोन्ही पानं पुढे ठेवली. "दसऱ्याला यंत्र बंद कसं?"

"पूजा असते ना, साहेब. आमच्याकडे कारखान्यात दसऱ्यालाच..." तो थांबला.

"इथे ती आदल्या दिवशी असते."

त्याने वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाला, "वरून सांगितलं होतं, तास मर्यादेत बसवा. सगळी वही मीच नव्याने लिहिली. सह्याही मीच केल्या."

ऑपरेटरला सोडलं. जाताना तो म्हणाला, "अय्या, माझा दोष नाही असं ठाण्याच्या कागदावर लिहून द्या. नाहीतर मला कामावर घेणार नाहीत."

"आरोपपत्रात सगळं येईल," म्हणून मी टाळलं. आरोपपत्र दाखल व्हायला कित्येक महिने गेले. तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता.

तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली. आपल्या भाषेत बोलणारा माणूस खरंच बोलत असेल, असं त्यानंतर मी कधी धरून चाललो नाही. पण ऑपरेटरला हव्या असलेल्या चार ओळी लिहायला पाच मिनिटंही लागली नसती. त्यात माझी चूक लिहावी लागली असती, म्हणून मी त्या लिहिल्या नाहीत.